पण वाजवलं कोणी?

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी अंताक्षरी होते. वीस वर्षांपूर्वी आम्ही कामोठ्यात राहायला आलो तेव्हा याच गच्चीवरून लांबवर डोंगर दिसायचे. आता समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. पण दूध आटवायचं, चटया टाकायच्या आणि 'ठ' आला की भांडायचं, हे काही बदललेलं नाही.

यंदा माझ्या लेकीनं नवाच खेळ काढला. गिटार मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, ''शब्द नाहीत. मी नुसती सुरावट वाजवते, तुम्ही सिनेमा ओळखा.''

पहिले चार सूर निघाले नाहीत तोच सगळ्या बायका एका आवाजात ओरडल्या, ''कर्ज!''

''बरोबर. आता सांगा, ही गिटार वाजवली कोणी?''

''ऋषी कपूरनं!'' मागच्या चटईवरून उत्तर आलं आणि सगळी गच्ची हसली. मग कोणीतरी सावरून म्हणालं, ''लक्ष्मीकांत-प्यारेलाल गं.''

''ते संगीतकार. चाल त्यांची. पण स्टुडिओत गिटार हातात कोणाच्या होती?''

सगळ्या गप्प. खरं सांगते, मीही गप्पच. पंचेचाळीस वर्षं ही धून कानात आहे. लग्नाच्या वरातीत ऐकली, रिक्षात ऐकली, ऑर्केस्ट्रात ऐकली. पण ती कोणीतरी वाजवलेली असणार, हा विचार कधी मनात आलाच नव्हता.

ती शांतता मोडली शेजारच्या काकूंनी. ''ते राहू दे गं बाई. बी.कॉम. झालीस ना? आता पुढे काय? गिटार वाजवून काय पोट भरतं का?''

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुधाच्या पातेल्याकडे पाहिलं. कारण हाच प्रश्न आमच्या घरात गेलं वर्षभर रोज रात्री जेवताना ताटात वाढला जातोय.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. लेकीचा प्रश्न 'वाजवलं कोणी?' आणि काकूंचा प्रश्न 'पोट भरतं का?' हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, असं मला वाटायला लागलं. ते का, तेच आज सांगायचं आहे.

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. 'कर्ज' हा 1980 चा सिनेमा. त्यातली ती गिटार वाजवली होती गोरख शर्मा यांनी. हे संगीतकार प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे आणि मुंबईतल्या कितीतरी मुलांना त्यांनी पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली. गोरख शर्मांचं मूळ वाद्य मेंडोलिन. मग गिटार आली. साधी, इलेक्ट्रिक, बेस... जे वाद्य गाण्याला हवं ते हातात. साठच्या दशकापासून पुढे चाळीसएक वर्षं हा माणूस स्टुडिओत वाजवत राहिला. 'कर्ज'मध्ये तर ती सुरावट म्हणजे कथेचा कणा. नायकानं ती वाजवली की त्याला मागचा जन्म आठवतो. सिनेमाच्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 2018 च्या जानेवारीत गोरख शर्मा गेले, तेव्हा आपल्यापैकी किती जणींनी ती बातमी वाचली? मी तरी नव्हती वाचली.

त्याच महिन्यात आणखी एक वादक गेले, भानू गुप्ता. आर. डी. बर्मन यांच्याकडचे गिटारवादक. पण त्यांची तुमची ओळख मी दुसऱ्याच वाद्यानं करून देते. 'शोले' आठवा. रात्रीची वेळ, जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते आणि खाली पायरीवर बसून अमिताभ माउथ ऑर्गन वाजवतो. आपल्या पिढीतल्या किती मुली त्या सुरावटीवर अमिताभच्या प्रेमात पडल्या असतील! ती फुंकर भानू गुप्तांची होती. म्हणजे धंद्यानं गिटारवादक, पण संगीतकारानं म्हटलं माउथ ऑर्गन, तर माउथ ऑर्गन.

अशा वादकांना 'सेशन म्युझिशियन' म्हणतात. 'सेशन' म्हणजे रेकॉर्डिंगची एक पाळी. कारखान्यात शिफ्ट असते तशी. आमचे हे तळोजा एमआयडीसीत नोकरीला आहेत, त्यामुळे शिफ्ट मला चांगली कळते! त्या काळी ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ अशा ठिकाणी सकाळी वादक जमायचे. व्हायोलिनवाले, तबल्यावाले, बासरीवाले, गिटारवाले. कधी कधी पन्नास-पन्नास, शंभर माणसं. संगीतकाराच्या सहायकानं, म्हणजे अरेंजरनं, प्रत्येकाचा भाग कागदावर लिहून आणलेला असायचा. तो समोर ठेवायचा, एक-दोन तालमी, आणि मग लाल दिवा. गायक आणि वादक सगळे एकदम. पाचव्या मिनिटाला कोणा एकाचा सूर चुकला, तर सगळ्यांनी पहिल्यापासून.

आता विचार करा, त्या गर्दीत गिटारवाल्याचं काम काय? सकाळी कव्वालीला ठेका धरायचा, दुपारी क्लबच्या गाण्यात जॅझ वाजवायचं, दुसऱ्या दिवशी कोळीगीत. आदल्या दिवशी कोणी सांगत नाही उद्या काय आहे ते. कागद पाहून जागच्या जागी वाजवता आलं पाहिजे. म्हणून त्या काळात गोव्याच्या वादकांना इतका मान होता. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ती माणसं. आणि म्हणूनच ज्याला पाच प्रकारचं येतं त्यालाच रोज फोन यायचा. पैसे शिफ्टवर, वादकाच्या श्रेणीप्रमाणे. दर ठरवायला वादकांची संघटना होती. त्या पैशांवर लोकांनी मुंबईत घरं घेतली, मुलं शिकवली. म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की हो, भरायचं पोट. चांगलं भरायचं.

पण नाव? रेकॉर्डच्या मागे, कॅसेटच्या कव्हरवर गायक, गीतकार, संगीतकार. संपलं. भूपिंदर सिंग यांचंच उदाहरण घ्या. 'मौसम'मधला, 'किनारा'मधला तो खर्जातला आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दिल्लीच्या आकाशवाणीवर गिटार वाजवणाऱ्या या तरुणाचा आवाज मदनमोहन यांनी ऐकला आणि 'हकीकत' या 1964 च्या सिनेमात त्यांना गायला लावलं. पण गायक झाल्यावरही हातातली गिटार सुटली नाही. 'दम मारो दम'ची सुरुवातीची ती झिणझिणी आणणारी गिटार त्यांची. 'चुरा लिया'मधलीही त्यांचीच. 2022 च्या जुलैत ते गेले तेव्हा सगळीकडे लिहून आलं, 'गझल गायक भूपिंदर'. गिटारचा उल्लेख कुठे एका ओळीत, कुठे तेवढाही नाही. गळ्याला नाव मिळालं, बोटांना नाही. माणूस तोच!

ग्रेगरी बूथ नावाच्या एका परदेशी अभ्यासकानं मुंबईत येऊन या वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि 2008 साली 'बिहाइंड द कर्टन' नावाचं पुस्तक लिहिलं. पडद्यामागे. नाव अगदी नेमकं आहे. पण आपल्या घरातल्या गाण्यांचा हिशेब लिहायला बाहेरच्या माणसाला यावं लागलं, याचं मला जरा वाईट वाटलं.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कामोठ्यात आलो तेव्हा मुलगी लहान, हप्ता मोठा. मी गॅलरीत मशीन टाकलं. फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. मग एका दुकानाचं काम मिळालं, तयार नऊवारी शिवायचं. साडी ते देणार, मापं ते देणार, मी शिवून द्यायची, नगावर पैसे. पैसे वेळेवर मिळायचे, तक्रार नव्हती. शिवून झालं की आतल्या बाजूला दुकानाचं लेबल मीच माझ्या हातानं टाचायची. सहा वर्षं मी लेबलं टाचली.

एकदा पनवेलला एका लग्नात नवरदेवाच्या मावशीची नऊवारी सगळ्या बायका वाखाणत होत्या. काष्टा कसा बसलाय, निऱ्या कशा पडल्यात, चालताना जराही सुटत नाही! ती बाई कौतुकानं दुकानाचं नाव सांगत होती. मी ओळखली ती साडी. कमरेला आतून मी एक जास्तीचा हूक लावायची, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी 'छान आहे हो' म्हटलं आणि पंगतीला जाऊन बसले. वाईट वाटलं का? थोडंसं. पण खरा फटका नंतर बसला. दुकान बंद झालं, आणि मी गिऱ्हाईक शोधायला निघाले तेव्हा कळलं, की मला कोणी ओळखतच नाही! शेकडो बायकांच्या अंगावर माझं काम होतं आणि त्यातल्या एकीलाही माझं नाव ठाऊक नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून, चाळीस रुपयांच्या फॉलपासून सुरुवात केली.

तेव्हा मला समजलं, की नाव म्हणजे मिरवणं नव्हे. पुढचं काम मिळवून देणारा पत्ता म्हणजे नाव.

वादकांचं नेमकं तेच झालं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत कीबोर्ड आला, मग कॉम्प्युटर आला. चाळीस व्हायोलिनचा आवाज एका पेटीतून निघायला लागला. वादक एकेकटे येऊन वाजवू लागले, मग येणंही कमी झालं. ज्यांचं नाव लोकांना माहीत होतं ते गायक कार्यक्रम करत राहिले. ज्यांना फक्त चार संगीतकार आणि त्यांचे सहायक ओळखत होते, त्यांचा फोन वाजायचा थांबला तो थांबलाच. आपल्या 'सैराट'च्या संगीताचं किती कौतुक झालं! 2016 च्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी मोठा वाद्यवृंद कुठे जाऊन रेकॉर्ड केला? अमेरिकेत, हॉलिवूडच्या स्टुडिओत. ऐकायला अभिमान वाटतो, पण पोटात कुठेतरी तुटतंही. एकेकाळी तसे वाद्यवृंद ताडदेवला रोज बसायचे.

आता माझ्या लेकीकडे वळते. सातवीत असताना तिनं गिटारचा हट्ट धरला. मी मशीनच्या पैशातून साडेचार हजारांची गिटार घेऊन दिली. वाटलं, महिनाभर नाद. पण नाद सुटला नाही. आज ती साधी वाजवते, इलेक्ट्रिक वाजवते, मेंडोलिनही शिकली आहे. तिचा स्टुडिओ म्हणजे आमची आतली खोली. एक लॅपटॉप, एक छोटा डबा ज्यात गिटारची वायर जाते, आणि दाराला लावलेली जुनी गोधडी. कोणी पुण्याहून गाणं पाठवतं, कोणी नाशिकहून. ही त्यावर गिटार वाजवते आणि परत पाठवते. ती वाजवत असताना मी कुकर लावत नाही, कारण एकदा एका भावगीतात तीन शिट्ट्या गेल्या होत्या! आमचे हे म्हणतात, ''हिच्या गाण्यापायी वरणभात नऊ वाजता मिळतो.'' पण पंख्याचा आवाज जातो म्हटल्यावर मे महिन्यातही ते पंखा बंद करून बाहेर बसले होते, हेही लिहायला हवं.

मागच्या वर्षी तिला पहिलं जरा मोठं काम मिळालं. गणपतीचं एक गाणं होतं. दोन दिवस तिनं त्यावर घासलं. सुरुवातीचं मेंडोलिन तिचं, मधली गिटार तिची. पैसे मिळाले, कमी होते पण मिळाले. गाणं आलं. आम्ही तिघं मोबाइलला डोकं लावून बसलो. शेवटी नावं सरकायला लागली. गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता, कॅमेरा, ड्रोन कॅमेरा, मेकअप, हेअर, जेवणाची व्यवस्था, आणि विशेष आभार म्हणून एका स्थानिक नेत्यांचं नाव. माझ्या लेकीचं नाव नाही. तबल्यावाल्याचंही नाही.

मी म्हटलं, ''अगं, जेवण देणाऱ्याचं नाव आहे!''

ती म्हणाली, ''असू दे गं आई. सगळ्यांचं असंच असतं.''

'सगळ्यांचं असंच असतं.' हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं? माझ्याच तोंडून, पनवेलच्या त्या पंगतीत बसताना, मनातल्या मनात.

आता जरा कायद्याचं सांगते, कंटाळू नका, कारण ते आपल्या कामाचं आहे. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्या-गाणाऱ्या कलाकाराला वेगळा हक्क मिळाला तो 1994 च्या दुरुस्तीनं. 2012 साली आणखी मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं, आणि सादर करणाऱ्या कलाकारालाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क असल्याचं कायद्यात आलं. पुढच्याच वर्षी गायकांनी आपली संस्था काढली, आणि नंतर त्यात वादकांनाही जागा मिळाली. पण त्याच दुरुस्तीत एक बारीक वाक्य आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि उद्योगाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला एका बाबतीतला अपवाद सोडला तर 'कलाकार' धरायचं नाही. आता मुख्य गिटार वाजवणं हे काही किरकोळ काम नव्हे, असं कोणीही म्हणेल. पण नावच नसेल तर ते म्हणायला, सिद्ध करायला हातात काय उरतं? म्हणून मी म्हणते, लेकीचा प्रश्न आणि काकूंचा प्रश्न एकच आहे. 'वाजवलं कोणी' याची नोंद नसेल, तर उद्या 'पोट भरतं का' याचं उत्तर अवघड होतं.

तुम्ही म्हणाल, चाल संगीतकाराची, पैसा निर्मात्याचा, मग वाजवणाऱ्यानं आपले पैसे घ्यावेत आणि घरी जावं. याही बोलण्यात तथ्य आहे. गवंड्याचं नाव कुठल्या इमारतीवर असतं? आणि कितीतरी जुने वादक असे होते, की ज्यांनी नावासाठी कधी हट्ट धरला नाही. त्यांना काम प्यारं होतं, सोबत्यांची चेष्टामस्करी प्यारी होती. अमेरिकेत कॅरोल के नावाची एक बाई आहे. तिची गोष्ट लेकीनं मला सांगितली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. 1935 चा जन्म. तेराव्या वर्षी गिटार हातात घेतली, शाळकरी वयातच दुसऱ्यांना शिकवायला लागली. पुढे मुलांची जबाबदारी अंगावर, रात्रीच्या क्लबपेक्षा स्टुडिओत पैसे बरे, म्हणून सेशनला जायला लागली. सगळे पुरुष आणि ही एकटी. 1963 साली एका रेकॉर्डिंगला बेस गिटारवाला आलाच नाही, तर हिनं ती उचलली, आणि पुढे तीच तिची ओळख झाली. हजारो रेकॉर्डिंग केली तिनं. 'मिशन इम्पॉसिबल'ची ती धून माहीत आहे ना? त्यातला बेस तिचा. 2025 साली, वयाच्या नव्वदीत, तिकडचा एक मोठा सन्मान तिला जाहीर झाला आणि तिनं तो चक्क नाकारला! तिचं म्हणणं असं, की स्टुडिओतलं काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं, एकट्या-दुकट्याचं नसतं.

हे ऐकून मी आधी गोंधळले. म्हणजे नाव नकोच का? पण याच कॅरोलबाईनं कुठली गाणी आपण वाजवली हे सांगणं कधी सोडलं नाही. आणि त्यातल्या काही गाण्यांवरून वाद अजून मिटलेले नाहीत. कारण काय? तेव्हा नोंदच नीट ठेवली गेली नाही. म्हणजे हार-तुरे नाकारता येतात. पण नोंद हवीच. हार ही दुसऱ्यानं घालायची गोष्ट, नोंद हा आपला हक्क.

मुंबईच्या त्या जुन्या स्टुडिओंत माइकसमोर बाईचा आवाज हवाच असायचा. वाद्यं धरलेले हात मात्र बहुतेक पुरुषांचेच. आता चित्र बदलतंय. मुंबईची मोहिनी डे बेस गिटार वाजवते. वडिलांकडूनच शिकली, तेही बेस गिटारवादक. ए. आर. रहमान यांच्याबरोबर ती जगभर वाजवून आली. तिचा फोटो माझ्या लेकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. बाहेरून नाही, कारण पाहुणे विचारतात, 'ही कोण?'

तर आमच्या घरात शेवटी काय ठरलं? 'तुझं स्वप्न आहे, जा, उडी मार' असं मी म्हटलं नाही. तशी उडी सिनेमात बरी दिसते. ह्यांचं म्हणणं होतं, बँकेच्या परीक्षा दे. माझं म्हणणं होतं, दोन वर्षं दे तिला, पण माझ्या अटींवर. पहिली अट, स्वरलिपी वाचायला शीक. मोबाइलवर बघून वाजवणारे शंभर आहेत, कागद वाचून वाजवणारे कमी. दुसरी अट, एकाच प्रकाराला चिकटून बसू नकोस. गावात हळदीला बेंजो पार्टी येते, तो ठेकाही हातात बसव. त्या पार्टीवाल्यांकडून आणखी एक गोष्ट शिक, त्यांच्या ढोलावर पार्टीचं नाव ठळक रंगवलेलं असतं! तिसरी अट, काम घेताना आधी लिहून माग. पैसे किती, कधी, आणि नाव कुठे येणार. बोलून नको, लिहून. वाद घालायची गरज नाही, दोन ओळींचा मेसेज पुरतो.

ती कुरकुरली. ''आई, असं विचारलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.''

''एक-दोघं नाही बोलावणार,'' मी म्हटलं. ''मी सहा वर्षं विचारलं नाही. दुकान बंद झाल्यावर मला कोणी बोलावलं?''

दिवाळीच्या आधी तिनं पहिल्यांदा तसा मेसेज पाठवला. एकानं उत्तरच दिलं नाही. ते काम गेलं. घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही, आणि माझ्या मनात आलं, चुकलं का माझं? दुसऱ्या एकानं मात्र लगेच लिहिलं, ''अरे हो, टाकू की. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.'' मैत्रिणींनो, हे उत्तर मी चार वेळा वाचलं. कोणी विचारलंच नव्हतं! किती गोष्टी आयुष्यात केवळ एवढ्यासाठी राहून जातात.

ते गाणं आलं तेव्हा शेवटी बारीक अक्षरात तिचं नाव होतं. ह्यांनी ते थांबवून मोठं करून पाहिलं. बँकेच्या फॉर्मचा विषय त्या रात्री निघाला नाही. कायमचा मिटला असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांतले चौदा महिने अजून बाकी आहेत आणि ते कसे जातील मला माहीत नाही. कॉम्प्युटर आता आपणहून गिटार वाजवतो म्हणतात, तेही भय आहेच.

माझी शिवणाची मापांची जुनी वही होती, मागची पन्नासेक पानं कोरी. ती मी लेकीला दिली. आता ती प्रत्येक कामाची नोंद त्यात करते. तारीख, गाणं, बोलावणारा, कुठलं वाद्य, किती तास, किती पैसे, नाव आलं की नाही. पुढच्या पानांवर छाती-कंबर-उंची, मागच्या पानांवर गिटार-मेंडोलिन.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. तुम्ही डबे करत असाल, पापड लाटत असाल, कोणाच्या क्लासला शिकवत असाल, कोणाच्या दुकानाला शिवून देत असाल, तर एक वही घाला. कोणासाठी काय केलं ते लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी एखादं गाणं फार आवडलं, तर गायकाच्या नावावर थांबू नका. एकदा विचारा, पण वाजवलं कोणी?

हो, आणि काकूंना मी उत्तर दिलं. नातवाला गिटार शिकवायची फी किती, असं त्यांनी परवा विचारलं, तेव्हा!